११ नंबरचा बावटा

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर नाहीतर दिवाळीच्या आगेमागे ही एका ओळीची बातमी येते, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात सुरमई का दिसत नाही याचं उत्तर त्याच ओळीत असतं. या बावट्यांचे क्रमांक एकूण ११. पहिले दहा वादळाबद्दल बोलतात: दूर आहे की जवळ, बंदराच्या कोणत्या अंगाने जाणार, तडाखा किती मोठा. अकरावा वादळाबद्दल नाहीच. हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे आणि बंदरावरच्या अधिकाऱ्याला लक्षणं ठीक दिसत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

बंदरावर तो क्वचितच चढत असेल. पण किनाऱ्यापासून लांब गेलेल्या मच्छीमार होडीवर तो गेली शंभर-दीडशे वर्षं कायमचा चढलेला होता, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही. तो उतरायला आत्ता कुठे सुरुवात झाली आहे.

मुळात ही व्यवस्था मच्छीमारांसाठी केलेलीच नव्हती. १८६४ च्या चक्रीवादळाने कलकत्ता बंदरातली जहाजं उद्ध्वस्त केली आणि पुढच्याच वर्षी तिथे वादळाची सूचना देण्याची पद्धत सुरू झाली. हवामान खातं त्यानंतरचं, १८७५ चं. दिवसा सुळक्याच्या आणि ढोलाच्या आकाराचे बावटे, रात्री दिवे, अशा या खुणा बंदरात नांगरलेल्या जहाजासाठी होत्या. निघू नकोस, एवढंच त्या सांगत. जो आधीच निघून गेला, त्याच्यासाठी त्यात काही नव्हतं. दीपस्तंभांचंही तसंच. खांदेरीचा दिवा १८६७ चा, कुलाब्यापुढचा प्राँग्जचा १८७५ चा. ते उभे राहिले मुंबईला येणाऱ्या मोठ्या जहाजांना खडक टाळता यावेत म्हणून. कोळ्यांना त्यांचा फायदा झाला तो आयता.

त्या काळी मच्छीमाराचं त्यावाचून अडतही नसे, हेही खरं. शिडाची होडी रात्रीच्या मतलई, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यावर बाहेर पडायची आणि दुपारच्या खाऱ्या, समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यावर परत यायची. डोंगराचं टोक, देवळाचा कळस, माडांची रांग दिसते तोवर आपण घरच्या पाण्यात आहोत, हा हिशेब. उधाणाची मोठी भरती कधी, भांगाची कमी भरती कधी, हे तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, तिथीवरून कळायचं. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय दर्यात घालायच्या नाहीत, हा नियमच सर्वांत मोठं सुरक्षा साधन होता. (आज सरकारी बंदी १ जून ते ३१ जुलै असते. नारळी पौर्णिमा बहुतेक वर्षी त्याच्या नंतर येते, आणि जुने लोक अजूनही कोणती तारीख खरी मानायची यावर वाद घालतात.) शिवाय होड्या जथ्याने जात. हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर शेजारची होडी असे. आधुनिक भाषेत यालाच संपर्क यंत्रणा म्हणता येईल.

बिनतारी संदेश जगात आला तो मोठ्या जहाजांसाठी. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली तेव्हा वाचलेले वाचले ते तिच्यावरच्या बिनतारी यंत्रामुळे, आणि दोन वर्षांत समुद्रावरच्या सुरक्षिततेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. टायटॅनिकनंतर ३५ वर्षांनी, १७ जुलै १९४७ रोजी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट काशाच्या खडकाजवळ उलटली. गटारी अमावास्येचा दिवस, गावी निघालेली माणसं. सहाशेहून अधिक बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबई हाकेच्या अंतरावर, पण शहराला बातमी कळली ती काही तासांनी, पाण्यातून जीव वाचवून आलेल्या एका मुलाकडून. त्याआधी जे थोडे वाचले ते तिथून जाणाऱ्या रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले म्हणून. मला या घटनेत तेच महत्त्वाचं वाटतं. यंत्रणेला पत्ता नव्हता आणि शेजारची होडी होती.

मोठ्या जहाजांची गोष्ट पुढे झपाट्याने सरकली. उपग्रहाद्वारे संकटाचा इशारा पकडणारी कॉस्पास-सारसॅट ही यंत्रणा १९८२ पासून माणसं वाचवू लागली. १ फेब्रुवारी १९९९ पासून जगभरच्या व्यापारी जहाजांना संकटकालीन संपर्काची नवी पद्धत पूर्णपणे लागू झाली. मात्र ३०० टनांपासून पुढच्या जहाजांना, आणि मच्छीमार बोटी वगळून. मच्छीमार बोटींसाठी १९७७ मध्ये स्पेनमधल्या तोरेमोलिनोसला वेगळा करार लिहिला गेला, तोही २४ मीटर आणि त्याहून लांब बोटींपुरता. पुरेशा देशांनी मान्यता न दिल्यामुळे तो कधी अमलातच आला नाही. आपल्याकडच्या बहुतेक बोटी २४ मीटरच्या आतल्या, म्हणजे त्या कागदावरही नव्हत्या.

दरम्यान होडी बदलली. स्वातंत्र्यानंतर इंजिनं आली, मग बर्फ आणि त्यामागोमाग ट्रॉलर. वाऱ्याची वाट पाहणं संपलं तशी परतीची घाईही संपली. किनाऱ्याजवळची मासळी आटत गेली तशा बोटी आणखी बाहेर सरकल्या. पूर्वी संध्याकाळी घरी येणारा खलाशी आता आठ-दहा दिवस पाण्यावर राहू लागला. १२ सागरी मैलांची राज्याची हद्द ओलांडून तो थेट खोल समुद्रात गेला. इंजिनाला कर्ज मिळालं, अनुदान मिळालं. त्याबरोबर बोलण्याचं साधन मिळालं नाही. ट्रान्झिस्टर होता. आकाशवाणीवर “समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी जाऊ नये” हे ऐकू यायचं, तेही लहरी पोचल्या तर. आणि “जाऊ नये” म्हणजे काय, मी तर चार दिवसांपूर्वीच आलोय, हे सांगायला त्याच्याकडे काही नव्हतं.

बोटीवरून बोलायचे व्हीएचएफ बिनतारी सेट नंतर आले. त्यांच्या लहरी सरळ रेषेत जातात, पृथ्वीच्या गोलाईपलीकडे वळत नाहीत. त्यामुळे छोट्या बोटीवरच्या बुटक्या अँटेनातून १६ नंबरच्या चॅनेलवर मारलेली हाक चांगल्या हवेत फार तर वीस-पंचवीस सागरी मैल पोचते. मोबाइल त्याच्याही आधी मुका होतो. खोल समुद्रात खरा उपयोगाचा एकच फोन, उपग्रहाचा. तो आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगता येत नाही.

ही बंधनं इतकी कडक का झाली, याचं उत्तर २६ नोव्हेंबर २००८ मध्ये आहे. मुंबईवर हल्ला करणारे पोरबंदरच्या ‘कुबेर’ या मच्छीमार बोटीतून आले. ती बोट त्यांनी समुद्रात पळवली होती, तिच्या तांडेलाला मारलं होतं. बोटीवर सॅटेलाइट फोन सापडला, जीपीएस सापडलं. त्यानंतर किनाऱ्यावर एकदम सगळ्यांचं लक्ष गेलं. बोटींची नोंदणी काटेकोर झाली, खलाशांना बायोमेट्रिक ओळखपत्रं मिळाली, राज्याराज्यांच्या बोटींना रंग ठरले, २० मीटरवरच्या बोटींना ओळख प्रसारित करणारं एआयएस यंत्र सक्तीचं झालं, दीपस्तंभांवर रडार चढले. यातलं बरंचसं आवश्यक होतं. पण याचा रोख नीट पाहावा. किनाऱ्याला प्रश्न पडला होता, ही बोट कुणाची? बोटीला काय हवंय, हा नव्हे. आणि ज्या साधनाने दूरचा मच्छीमार मदत मागू शकला असता ते साधनच संशयित ठरलं. ही भीती किती खोल गेली आहे ते अधूनमधून दिसतं. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर गिर्यारोहक नि भटके वापरतात तसलं उपग्रह संदेश यंत्र घेऊन जाणाऱ्या परदेशी प्रवासिनीवर कारवाई झाली होती.

हल्ल्याला वर्ष होत नाही तोच, ११ नोव्हेंबर २००९ ला फयान चक्रीवादळ आलं. अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान ते किनाऱ्यावर चढलं, पण मार दिला तो रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या बोटींना. वादळ वाऱ्याच्या वेगाने पाहता फार मोठं नव्हतं. नोव्हेंबर म्हणजे ऐन हंगाम, बोटी बाहेर होत्या, आणि बाहेर असलेल्यांना परत बोलवायचं कसं याचं उत्तर कुणाजवळ नव्हतं.

२०१० पासून इस्रोने तयार केलेलं डॅट नावाचं यंत्र वापरात आलं. बोटीवर लावायचं, संकटात बटण दाबायचं. इशारा उपग्रहामार्फत मध्यवर्ती केंद्रात जातो, तिथून बोटीची ओळख आणि ठिकाण तटरक्षक दलाच्या शोध-बचाव केंद्राला कळतं. देशभरात अशी वीस हजारांहून अधिक यंत्रं लागली. माणसं वाचली, चुकून दाबलेल्या बटणांनी तटरक्षकांना पळवलंही. पण रचनेतच एक उणीव होती. बटण दाबणाऱ्याला ते कुणी ऐकलं की नाही हे कळायचं नाही. अंधारात, पाणी भरत चाललेल्या बोटीत बसून कुणी येतंय का याची वाट पाहायची.

उलट दिशेने, किनाऱ्याकडून बोटीकडे, तर काहीच जात नव्हतं, हे ओखी चक्रीवादळाने दाखवलं. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस कन्याकुमारीजवळून अरबी समुद्रात शिरलेल्या या वादळाच्या वाटेत केरळ आणि तामिळनाडूचे खोल समुद्रात जाणारे मच्छीमार होते. इशारा निघाला तेव्हा ते केव्हाच फोनच्या पलीकडे गेले होते. शेकडो परतले नाहीत. आणि त्याच दिवसांत देवगडच्या बाजूला अनोळखी बोटी येऊ लागल्या. केरळच्या ६६, तामिळनाडूच्या २, त्यांवर ९५२ माणसं, सगळी सुखरूप. तिकडे त्यांच्या गावांत कोण जिवंत आहे हे माहीत नव्हतं, इकडे सिंधुदुर्गात माणसं मोजली जात होती. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी हा आकडा जाहीर केला तेव्हा कित्येक घरांना पहिल्यांदा धीर आला असेल.

ओखीनंतर, ऑक्टोबर २०१९ मध्ये, जेमिनी हे यंत्र आलं. हैदराबादच्या महासागर माहिती केंद्राचे इशारे भारताच्या गगन यंत्रणेच्या उपग्रहांवरून खोल समुद्रातही येतात आणि ब्लूटूथने मोबाइलवर उमटतात. म्हणजे आता डॅटमधून बोट बोलू शकत होती, जेमिनीतून किनारा बोलू शकत होता. दोघं एकमेकांशी बोलू शकत नव्हते.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा इशारे बरेच आधी मिळाले आणि मच्छीमार बोटी मोठ्या प्रमाणात परत फिरल्या. बुडाला तो तेलक्षेत्रावरच्या कामगारांचा पी-३०५ हा बार्ज. त्यावर २६१ माणसं होती. तिथे इशारा पोचलेला होता.

खरा बदल जानेवारी २०२४ चा. डॅटची दुसरी पिढी इशारा मिळाल्याची पोच बोटीकडे परत पाठवते, वादळाची सूचना देते, मासळी कुठे मिळेल हेही सांगते, आणि ते सारं मोबाइलवर मच्छीमाराच्या भाषेत. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्याच समारंभात, पंतप्रधानांनी आणखी एक योजना सुरू केली: १३ किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या बोटींवर टप्प्याटप्प्याने १ लाख ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत संदेश घेणारी-देणारी यंत्रं, खर्च सुमारे ३६० कोटी, तंत्र इस्रोचं, संदेश दोन्ही दिशांना. ज्या बंदराला तिथल्या मच्छीमारांचा वर्षानुवर्षं विरोध, त्याच मांडवातून ही घोषणा व्हावी, हा योगायोग त्यांच्या नजरेतून सुटला नसणार. यंत्र फुकट मिळतंय हे चांगलंच, पण ते आपल्यावर नजर ठेवायला की आपलं ऐकायला, हा प्रश्न २००८ पासून शिल्लक आहे.

ही योजना इंजिन असलेल्या बोटींसाठी आहे. वल्ह्याची होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी जाणारा किंवा किनाऱ्यावरून ओढायची रापणीची जाळी टाकायला निघालेला माणूस तीत बसत नाही. तो अजून बंदराकडे बघून तीन नंबर लागलाय का ते पाहतो.