रेड अलर्ट जिल्ह्याला, पाणी आपल्या गल्लीला

आदल्या रात्री अतिवृष्टीचा रेड अलर्ट येतो, शाळेला सुट्टी जाहीर होते, आणि सकाळी अकराला आमच्या ठाण्याच्या नौपाड्यात लख्ख ऊन पडतं. मग आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वेधशाळेच्या नावाने जे काही सुरू होतं ते विचारू नका. 'छत्री घरी ठेवा म्हणाले की समजायचं, आज भिजणार.' हा विनोद माझ्या आजोबांच्या वेळेपासून चालत आलेला आहे, आणि मीही तो पुष्कळदा सांगितलाय.

पण अलर्ट कुणाला दिला होता? ठाणे जिल्ह्याला. २०१४ मध्ये पालघर वेगळा झाल्यावरही हा जिल्हा उत्तनच्या समुद्रापासून मुरबाडच्या माळशेज घाटापर्यंत पसरलेला आहे. नवी मुंबईचा मोठा भाग त्यातच येतो. समुद्रावरून आलेली ओली हवा सह्याद्रीला धडकते, वर चढते, थंड होते आणि तिथेच रिकामी होते. त्यामुळे घाटाच्या पायथ्याला ओढे दुथडी भरून वाहत असताना ठाणे शहरातल्या तलावपाळीवर लोक भेळ खात बसलेले असणं यात काहीच चमत्कारिक नाही. अंदाज जिल्ह्यापुरता खरा ठरलेला असतो, आपल्याला मात्र तो आपल्या गॅलरीपुरता हवा असतो.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण २६ जुलै २००५ चं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७४. मधलं अंतर लोकल गाडीने तासाभराचंही नाही. तेव्हा मुंबईत डॉपलर रडार, म्हणजे ढगांतला पाऊस आणि वारा दुरून टिपणारं यंत्र, नव्हतं.

आता आकड्यांकडे येऊ, कारण घोळ तिथेच होतो. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे 'जोरदार', ११५.६ च्या पुढे 'अति जोरदार' आणि २०४.४ ओलांडलं की 'अत्यंत जोरदार'. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात. समजा, दिवसभरात २०४ मिलिमीटर पडले. ते संथपणे पडले तर तासाला साडेआठ मिलिमीटर होतात. गटारं ते निमूट वाहून नेतात, आपण कांदाभजी तळतो. तेवढाच पाऊस तीन तासांत आला तर तासाला ६८ मिलिमीटर. मुंबईतली जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटरच्या हिशेबाने बांधलेली होती, नंतर ५० चं उद्दिष्ट ठरवलं गेलं. म्हणजे ६८ ला काय होईल ते सांगायला हवामानशास्त्रज्ञ लागत नाही. दिवसाचा आकडा एकच, पण एकदा भजी आणि एकदा गुडघाभर पाणी.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पडला तर दहा कोटी लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. ठाण्यामागच्या येऊरच्या डोंगरउतारावर उलटे केलेले टँकर ठाण्याच्या नाल्यांतून खाडीकडे धावतात. वाट आखूड आणि उतार मोठा, त्यामुळे तासाभराच्या आत पाणी खाली येतं. पाऊस पडल्यापासून सहा तासांच्या आत येणाऱ्या अशा पुराला इंग्रजीत 'फ्लॅश फ्लड' म्हणतात. आपल्याकडे नुसतं 'लोंढा आला' म्हणतात आणि ते जास्त बरोबर वाटतं.

उल्हास नदीचं तसं नाही. तिचं पाणी घाटमाथ्याच्या कुशीतून कर्जतमार्गे बदलापूरला येतं, आणि यायला वेळ घेतं. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली आणि हजारेक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते याच नदीच्या पाण्यात. अशा ठिकाणी वरच्या अंगाला पाणी मोजलं तर खालच्यांना काही तासांची सवड मिळते. नाल्याकाठच्या चाळीला ती सवड नसते. तिला पाऊस पडायच्या आधीच सांगावं लागतं.

नवी मुंबईचं गणित आणखी वेगळं. वाशी, बेलापूरकडची कित्येक जमीन मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणून सिडकोने शहर वसवताना खाडीच्या कडेला धारण तलाव केले, डच लोक करतात तसे. तलावाच्या तोंडाला झडपा असतात. खाडीचं पाणी चढलं की झडप आपोआप मिटते, ओहोटीला उघडते. मधल्या काही तासांत शहर म्हणजे बूच लावलेलं टब. त्या वेळात पडलेला सगळा पाऊस तलावात मावला पाहिजे. तलावात गाळ साचलाय, खारफुटीही उगवलीय, आणि ती तोडायची तर न्यायालयाची परवानगी लागते. खारफुटी राखायला हवीच. पण गाळ काढायला इतकी वर्षं लागावीत हे काही मला पटत नाही.

म्हणूनच इथे पावसाच्या अंदाजाइतकीच भरतीची वेळ महत्त्वाची. ती कोळ्यांना यंत्राशिवाय कळते. तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि अमावास्या-पौर्णिमेला साधारण सव्वाअकरा-बारा. भरती रोज पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्याचाच हा हिशेब. खाडीच्या आतपर्यंत पाणी पोचायला थोडा उशीर होतो एवढंच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती असते, अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात लहान. उधाणाच्या दुपारी बाराला ढग फुटले तर नवी मुंबईतल्या जुईनगरचा माणूस चपला हातात घेणारच.

मग नेमक्या गल्लीचा अंदाज का देता येत नाही? संगणकाचं प्रारूप पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकून हवेचं गणित सोडवतं. २०२५ मध्ये आपली चौकट १२ किलोमीटरवरून ६ वर आली, ही मोठीच मजल आहे. पण कोसळणारा एकेक ढग असतो काही किलोमीटरचा आणि जगतो तासभर. ६ किलोमीटरच्या चौकटीत कळवा, खाडी आणि अर्धं ठाणं एकत्रच बसतं. त्यामुळे दोन दिवस आधी 'उद्या कुठेतरी कोसळणार' हे भरवशाने सांगता येतं; 'पाचपाखाडीत चार वाजता' हे नाही. ते काम रडारचं. कुलाब्याला एक आहे आणि २०२२ पासून जोगेश्वरीजवळ वेरावलीला दुसरं. रडारने सोडलेल्या लहरी पावसाच्या थेंबांवर आपटून परततात, त्यावरून पाऊस किती आणि वारा कुठे हे कळतं, आणि पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज निघतो. एकामागून एक ढग त्याच वाटेने येताना दिसले, की समजावं आता खैर नाही.

दक्षिण आशियासाठी २०२० पासून चालू असलेली लोंढ्याच्या इशाऱ्याची यंत्रणा आणखी एक शहाणा प्रश्न विचारते: माती आधीच किती भिजलीय? जूनच्या पहिल्या सरीत डोंगर पाणी पितो. जुलैअखेर तो तुडुंब असतो, मग तेवढाच पाऊस जसाच्या तसा खाली येतो.

आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात एका निवृत्त शिक्षकांनी गच्चीवर सरळ भिंतींची बरणी ठेवली, बाहेरून फूटपट्टी चिकटवली, आणि जोराची सर आली की दर पंधरा मिनिटांनी आकडा ग्रुपवर टाकू लागले. वॉचमन मागच्या नाल्याच्या भिंतीवर खडूने पाण्याची खूण करायचा. हंगाम संपेपर्यंत दोघांनी मिळून एक नियम काढला: बरणीत अर्ध्या तासात तीन सेंटिमीटर आणि खाडीला भरती, म्हणजे तळमजल्यावरच्यांनी फ्रिज विटांवर घ्यायचा. हा नियम आमच्या नाल्यापुरताच. पलीकडच्या गल्लीत तो चालेलच असं नाही. यंदा मात्र मे महिन्यातच मीटरबॉक्स सगळ्यात वरच्या खुणेच्या दोन फूट वर गेलाय, आणि खडूच्या जागी ऑइलपेंट आलाय.