मुंबईचा 'जी' ९.८१ नसतो

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची भौतिकशास्त्राची जर्नलं तपासायला घेतली की एक आकडा हमखास भेटतो : ९.८१. 'बार पेंडुलमच्या साहाय्याने गुरुत्व त्वरण काढणे' या प्रॅक्टिकलच्या शेवटी, पट्टीने चौकट आखून, एककासकट. गुरुत्व त्वरण म्हणजेच 'जी' : मोकळी पडणारी वस्तू दर सेकंदाला किती वेग पकडते, तो आकडा. एखाद्याचा ९.८०, एखादीचा ९.८२, पण बहुतेकांचा ९.८१च. मुलं खूश, सही करणारे सरही खूश. अडचण एवढीच की हा आकडा लंडन-पॅरिसकडचा आहे. लंडनला 'जी' ९.८१२च्या आसपास असतो, पॅरिसला ९.८०९. मुंबईत तो ९.७८६च्या जवळपास आणि पुण्याला, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर असल्यामुळे, आणखी किंचित कमी. म्हणजे महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजात नीट मोजलं तर दोन दशांश स्थळांपर्यंत ९.७९ किंवा ९.७८ यायला हवं. ९.८१ आलं तर मोजण्यात काहीतरी गडबड झाली, नाहीतर उत्तर आधी लिहून रीडिंग मागून बसवली.

दोष एकट्या मुलांचा नाही. शाळेपासून ९.८ घोकलेलं असतं, इंजिनिअरिंगची पुस्तकं ९.८१ छापतात. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१ साली ९.८०६६५ हा प्रमाण आकडा ठरवला, तोही ४५ अंश अक्षांशाचा विचार करून. हिशेबाच्या सोयीसाठी सगळ्यांनी मान्य केलेला आकडा तो. त्या अक्षांशावर महाराष्ट्र येत नाही, भारतही येत नाही.

विषुववृत्तावर 'जी' ९.७८० आणि ध्रुवावर ९.८३२. या ०.०५२च्या फरकातला सुमारे ०.०३४ पृथ्वीच्या फिरण्यामुळे पडतो. उरलेल्याचं कारण पृथ्वीचा आकार : ती मधोमध फुगलेली आहे, विषुववृत्ताकडची त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा २१ किलोमीटरने जास्त आहे. हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, तर घड्याळ लावणाऱ्या माणसाच्या. १६७२ साली जाँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेत, विषुववृत्ताजवळच्या केयेनला गेला. पॅरिसला बरोबर लावलेलं त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज दोन-अडीच मिनिटं मागे पडू लागलं आणि त्याला लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरने आखूड करावा लागला. न्यूटनने पुढे पृथ्वीच्या चपटेपणाच्या बाजूने हाच पुरावा मांडला. लंडनमध्ये लावलेलं लंबकाचं घड्याळ तसंच उचलून मुंबईत आणलं, तर तेही दिवसाला जवळजवळ दोन मिनिटं मागे पडेल.

आता त्या प्रॅक्टिकलकडे. साधा लंबक शाळेत सगळ्यांनी केलेला असतो : दोरा, गोळा, स्टॉपवॉच. लांबी आणि आंदोलनाचा वेळ मोजला की 'जी' देणारं त्याचं सूत्र सुटसुटीत आहे, पण ते वजन नसलेल्या दोऱ्यासाठी आणि बिंदूएवढ्या गोळ्यासाठी. खऱ्या दोऱ्याला वजन असतं, तो ताणला जातो, आणि लांबी गोळ्याच्या नेमक्या मध्यापर्यंत मोजायची तर मध्य अंदाजानेच धरावा लागतो. बार पेंडुलम ही कटकटच ठेवत नाही. एक मीटर लांबीची धातूची पट्टी, तिला साधारण पाच-पाच सेंटिमीटरवर भोकं. भिंतीत ठोकलेल्या ब्रॅकेटवर पोलादी धार असते, तिच्यावर पट्टी एकेका भोकातून टांगायची, किंचित झोका द्यायचा, वीस आंदोलनांचा वेळ घ्यायचा आणि पुढचं भोक.

आकडे मोठे गमतीचे येतात. पट्टीच्या अगदी टोकाशी टांगली तर एका आंदोलनाला १.६४ सेकंद लागतात. मध्याकडे सरकत गेलं की वेळ आधी कमी होतो, १.५३पर्यंत उतरतो आणि मग वाढायला लागतो. मध्यापासून १० सेंटिमीटरवर १.९४, ५ सेंटिमीटरवर २.६३. नेमकी मध्यावर टांगली तर पट्टी झुलतच नाही, ठेवाल तशी राहते. बहुतेक मुलं हे आकडे तक्त्यात उतरवून आलेखाकडे पळतात. थांबायचं खरं तर इथेच. वेळ आधी उतरून मग चढतो का?

पट्टी तिरकी झाली की गुरुत्वाकर्षण तिला परत सरळ करू बघतं. ही ओढ किती, ते टांगण्याच्या जागेपासून गुरुत्वमध्य किती लांब आहे त्यावर ठरतं. अंतर दुप्पट, तर ओढ दुप्पट. पण पट्टीला फिरण्याचा आळसही असतो, पुस्तकात त्याला जडत्व आघूर्ण म्हणतात. या आळसाचे दोन भाग पडतात. एक भाग त्या अंतराच्या वर्गाने वाढतो. दुसरा पट्टीचा स्वतःचा, कुठेही टांगली तरी तेवढाच. वस्तुमान मध्यापासून किती पसरलेलं आहे, यावर तो ठरतो आणि हा पसारा एका लांबीने सांगता येतो. मीटरभर लांबीच्या सरळ पट्टीसाठी ती लांबी २८.९ सेंटिमीटर, तिचा वर्ग सुमारे ८३३. आळसाला ओढीने भागलं की दोन पदांची बेरीज मिळते : टांगण्याचं अंतर, अधिक ८३३ भागिले तेच अंतर. आपली पट्टी ज्या साध्या लंबकाइतक्याच वेळात झुलते, त्या लंबकाची लांबी म्हणजे ही बेरीज.

आता एक आयत डोळ्यांसमोर आणा. एक बाजू टांगण्याचं अंतर, दुसरी बाजू ८३३ भागिले ते अंतर. क्षेत्रफळ कायम ८३३. आपल्याला हवी ती लंबकाची लांबी म्हणजे या आयताची अर्धी परिमिती. पट्टी टोकाला टांगली तर बाजू ५० आणि १६.७, बेरीज ६६.७. मध्यापासून १६.७ सेंटिमीटरवर टांगली तर बाजू १६.७ आणि ५०. आयत तोच, फक्त आडवा पाडलेला, त्यामुळे बेरीज तीच आणि वेळही तोच १.६४ सेकंद. ठरावीक क्षेत्रफळाच्या आयतांत सगळ्यात कमी परिमिती चौरसाची, म्हणून सगळ्यात कमी वेळ मध्यापासून २८.९ सेंटिमीटरवर लागतो. पाच सेंटिमीटरवर टांगलं की आयत ५ बाय १६७ असा लांबुडका होतो आणि पट्टी सुस्तावते. अख्खा आलेख या एका आयतात आहे.

खरी मेख पुढेच आहे. पट्टी मध्याच्या एका बाजूला ५०वर टांगली आणि मग उलटी करून दुसऱ्या बाजूला १६.७वर टांगली, तर वेळ सारखाच येतो आणि या दोन जागांमधलं अंतर म्हणजे थेट ६६.७. गुरुत्वमध्य नेमका कुठे आहे, पट्टी सगळीकडे सारखी जाड आहे का, भोकांमुळे किती वस्तुमान गेलं, यातलं काहीच माहीत असायची गरज नाही. सारखा वेळ देणाऱ्या, मध्यापासून वेगवेगळ्या अंतरांवरच्या दोन उलट बाजूंच्या जागा शोधा आणि त्यांच्यातलं अंतर मोजा, झालं. अंतर आणि वेळ यांच्या आलेखावर आडवी रेघ मारून, ती जिथे आलेख कापते त्यातल्या एक सोडून एक बिंदूंमधलं अंतर घ्यायला सांगतात, ते यासाठी. जागांची ही अदलाबदल डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने १६७३ साली सिद्ध केली होती. हेन्री केटरने १८१७ साली तिच्यावरून दोन धारांचा उलटसुलट टांगता येणारा लंबक बनवला आणि लंडनचा 'जी' मोजला. हा केटर तरुणपणी दक्षिण भारतात सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनच्या हाताखाली जमीन मोजत होता, तब्येत बिघडली म्हणून परतला.

मग आपल्या प्रयोगशाळेत ९.७८६ का येत नाही? ९.८१ आणि ९.७८६ यांत फरक पाव टक्क्याचा. टोकाला टांगलेल्या पट्टीच्या एका आंदोलनात त्याने फरक पडतो ०.००२ सेकंदाचा, वीस आंदोलनांत ०.०४चा. स्टॉपवॉचवर बोट दाबतानाच याच्या तिप्पट-चौपट चूक होते. दोनशे आंदोलनं मोजली तर फरक ०.४ सेकंदावर जातो आणि हाती लागतो. झोकाही बेताचा हवा. दहा अंशांचा झोका दिला तर आंदोलनाचा वेळ ०.१९ टक्क्याने वाढतो आणि 'जी' ०.३८ टक्क्याने कमी येतो, म्हणजे लंडन-मुंबई फरकापेक्षा जास्त. आणखी एक ठरलेली चूक मोजणीची : पट्टी सोडताना 'शून्य' म्हणायच्या ऐवजी 'एक' म्हणायचं. वीसच्या जागी एकोणीस आंदोलनं मोजली जातात आणि 'जी' येतो १०.८४. खरं सांगायचं तर जर्नलात १०.८४ दिसला की मला आनंदच होतो, कारण त्या पोराने खरंच मोजलेलं असतं.

लहान फरकांचा विषय निघालाच आहे तर ग्रहणातलं मुसळ. परातीत पाणी घालून त्यात मुसळ उभं करायचं, ग्रहण लागलं की ते उभं राहतं आणि सुटलं की पडतं, असं सांगतात. दर ग्रहणाला याचे व्हिडिओ फिरतात आणि 'सूर्य-चंद्राच्या एकत्रित गुरुत्वाकर्षणामुळे' अशी शास्त्रीय फोडणीही दिलेली असते. सूर्य आणि चंद्र एका रेषेत आल्यावर आपल्याकडचा 'जी' बदलतो एक कोटीत जेमतेम दोन भाग, तोही दर अमावास्या-पौर्णिमेला, ग्रहण असो वा नसो. लंडनहून मुंबईला येताना तो याच्या पंधरा हजार पटींहून जास्त बदलतो. एवढ्याशा बदलाने मुसळ उभं राहत असतं, तर ते लंडनहून आणणाऱ्याचे काय हाल झाले असते! मुसळाचा तळ सपाट असतो, जरा हात धरून तोल साधला की ते कुठल्याही मंगळवारी उभं राहतं.

कोटीतले दोन भाग मुसळाला कळत नसले तरी जपून केलेल्या मोजणीतून हजारात-लाखात एखाद्या भागाचा फरक हाती येतो, आणि त्यातून डोंगराखालचं दिसतं. जॉर्ज एव्हरेस्टच्या भारताच्या सर्वेक्षणात मध्य भारतातलं कल्याणपूर आणि हिमालयाजवळचं कलियाणा या दोन ठाण्यांच्या अक्षांशांमधला फरक जमिनीवरून मोजला तर एक आणि ताऱ्यांवरून मोजला तर दुसरा येत होता. तफावत सव्वापाच विकलांची (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग). ताऱ्यांवरून मोजताना सरळ वर कुठे, ते ओळंब्यावरूनच ठरवतात. हिमालय ओळंबा स्वतःकडे ओढतो, म्हणून हे होत असणार. पण कलकत्त्याचे आर्चडीकन, म्हणजे चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू, जॉन प्रॅट यांनी हिशेब केला, तर हिमालयाच्या वस्तुमानाने जवळजवळ सोळा विकलांचा फरक पडायला हवा होता. डोंगर दिसतो त्या मानाने ओढ फारच कमी. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरीने १८५५ साली सुचवलं की पर्वतांना खाली हलक्या खडकाची मुळं असावीत. १८६५पासून याच सर्वेक्षणातला कॅप्टन बसेव्ही रॉयल सोसायटीचे लंबक घेऊन भारतभर आंदोलनं मोजत फिरला. १८७१ साली लडाखच्या मोरे पठारावर, पंधरा हजार फुटांहून अधिक उंचीवर मोजणी करून तो तिथेच वारला. त्याच्या आकड्यांतही उंच हिमालयात गुरुत्व अपेक्षेपेक्षा कमीच भरलं.

अलीकडे 'हिंदी महासागरात गुरुत्वाकर्षणाचं भोक' अशा मथळ्यांच्या बातम्या आल्या. श्रीलंकेच्या दक्षिणेला गुरुत्व थोडं कमी आहे आणि समुद्राची पातळी पृथ्वीच्या हिशेबी आकारापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे, हे खरं. भोक वगैरे काही नाही. तिथून जाणाऱ्या जहाजाला उतारही लागत नाही, कारण समुद्राचा पृष्ठभाग तिथेही ओळंब्याशी काटकोनातच असतो.