अम्लकोरीव काच : अनोळखी वस्तूची पारख

अम्ल, फिरते चाक किंवा वाळूचा झोत वापरून नक्षी उठवलेली काचवस्तू कोणत्या पद्धतीची, किती जुनी आणि कुठली हे ठरवण्याची रीत. विदर्भाच्या खेड्यांत तिची गरज बहुधा वाडा उतरवताना पडते. फडताळातून दुधी वेलबुट्टीची एखादी हंडी, दिव्याचा गोल, गुलाबदाणी किंवा झाकण हरवलेली अत्तरदाणी निघते. घरातले कोणी तिला ‘बेल्जियमची’ म्हणते आणि चौकशी तिथेच संपते.

हे नाव म्हणजे पुरावा नव्हे. चांगल्या परदेशी काचेला सरसकट बेल्जियमची म्हणायची आपल्याकडे सवय आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) वऱ्हाडी कापसाला चढा भाव आला आणि १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा पोचला. अशा सुबत्तेच्या काळात वऱ्हाडातल्या देशमुखांच्या आणि नागपूर-भंडाऱ्याकडच्या मालगुजारांच्या दिवाणखान्यांत हंड्या-झुंबरे आली. ती बोहेमियाची (आजच्या चेकियातला प्रदेश), इंग्लंडची, फ्रान्सची, कुठलीही असू शकतात. बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीची तर कलकत्त्यातच पेढी होती.

म्हणून पारख कोरणीपासून सुरू करावी. लागते ते एक भिंग, मागे धरायला काळे कापड आणि टॉर्चचा तिरका झोत.

चाकाने कोरलेली रेघ मध्ये खोल आणि टोकांशी निमुळती होत जाते. भिंगातून तिच्या पोटात चाकाचे बारीक समांतर ओरखडे दिसतात. पानाची एक कड दाबून काढलेली, दुसरी हलकी, असा हाताचा फरक जाणवतो. अम्लाच्या कामात असे होत नाही. तिथे काचेवर मेणाचा किंवा डांबरी लेप देतात, नक्षीपुरती काच उघडी ठेवतात आणि हायड्रोफ्लुओरिक अम्ल ती उघडी काच खाते. या अम्लाचे वर्णन कार्ल विल्हेल्म शेले या रसायनज्ञाने १७७१ मध्ये केले होते. कारखान्यांतला त्याचा मोठा वापर मात्र एकोणिसाव्या शतकातला. निव्वळ अम्लाने खाल्लेला भाग पारदर्शक राहतो; अमोनियम फ्लुओराइडसारखा क्षार मिसळला की साटिनसारखा दुधी पोत येतो. रेघेची जाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी, खोली सारखी, कडा किंचित वितळल्यागत. एकाच नागमोडी वळणाची काठाभोवती अचूक पुनरावृत्ती दिसली तर ती यंत्राच्या सुईने लेपावर ओढलेली रेघ समजावी.

वाळूच्या झोताचा पोत याहून खरबरीत, करडा, टोचे मारल्यासारखा असतो. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन च्यू टिल्गमन यांनी या पद्धतीचे पेटंट १८७० मध्ये घेतले. तेव्हा असा पोत असलेली वस्तू त्याआधीची सांगितली जात असेल तर ते सोडून द्यावे. तालुक्याच्या काचेच्या दुकानांत दारावरच्या गणपतीला ‘एचिंग’ म्हणतात तेही बहुतेक वाळूचेच काम असते. साच्यातल्या काचेवर सांध्याची उभी रेघ सापडते, आणि नुसता दुधी रंग दिलेला असेल तर कडेशी त्याचे पापुद्रे निघतात.

दोन-तीन रंगांचे थर असलेली काच वेगळी. वरचा थर अम्लाने खाऊन खालचा रंग उघडा करतात, त्यामुळे फुले उठावाने उभी राहतात. फ्रान्समधील नान्सीच्या एमिल गॅले (१८४६–१९०४) आणि दोम बंधूंनी हे काम फार वर नेले, आणि म्हणूनच त्याच्या नकला भरपूर आहेत. ‘गॅले’ या सहीजवळ ‘टिप’ असा शब्द असेल तर ती रोमानियातली अलीकडची वस्तू. रोमानियन भाषेत त्याचा अर्थ ‘त्या प्रकारची’. हा शब्द घासून काढलेलाही असतो, म्हणून सहीशेजारची काच बोटाने चाचपावी. सहीवर सर्वांत शेवटी विश्वास ठेवावा असे मला वाटते, कारण सही नंतरही करता येते. शिक्का मात्र कधी कधी सरळ काळ सांगतो. ‘चेकोस्लोव्हाकिया’ लिहिलेले असेल तर वस्तू १९१८ च्या आधीची नाही. फ्रान्सच्या बाकारा काचकारखान्याचा अम्लाने उमटवलेला शिक्का १९३६ पासूनचा. दिव्याच्या गोलाला बूड नसते. त्याचा शिक्का असलाच तर पितळी कड्याखाली झाकलेल्या काठावर शोधावा.

काचेची जातही पाहावी. साध्या सोडा-काचेची घनता २.५ च्या आसपास, शिसे घातलेल्या बिलोरी काचेची ३ च्या जवळ किंवा वर, त्यामुळे ती हाताला जड लागते. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली झगझगीत हिरवी दिसली तर काचेत युरेनियम आहे. बुडावरचे घर्षणही बोलते. वर्षानुवर्षे सरकवल्याने पडलेले ओरखडे वेडेवाकडे, नेमके टेकणाऱ्या भागावर असतात. सगळे एकाच दिशेने गेलेले असतील तर ते पॉलिशपेपरचे.

राख आणि काथ्याने घासण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. दुधी पोतात चुलीचा धूर आणि तेल मुरते, ते कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ कापडाने हळूहळू निघते. मे महिन्यात उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतले तर ती तडकते.

नागपूरजवळच्या माहुरझरीसारख्या ठिकाणी मिळणारे पांढऱ्या रेघांचे तांबूस मणी कित्येकदा याच सदरात टाकले जातात. ते काचेचे नव्हेत. तो कार्नेलियन दगड असून त्यावरच्या रेघा अल्कली लावून तापवल्याने उमटतात.

तुलनेसाठी हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातली युरोपीय काच पाहता येते. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

घरातली साक्ष याच वेळी लिहून घ्यावी: वस्तू कोणत्या खोलीत, कोणत्या तुळईच्या कडीला होती, तिच्या जोडीच्या किती होत्या, कोणाच्या लग्नात आली. उंची आणि वजनही त्यातच टिपावे; काठ आणि बूड यांची छायाचित्रे त्या कागदासोबत ठेवावीत. एका हंडीच्या जोडीच्या बाकी हंड्या कित्येकदा वाटणीत भावकीच्या घरी गेलेल्या असतात, आणि शिक्का त्यांपैकी एखादीवरच उरलेला असतो.