तंत्रज्ञान-स्वीकारातील निर्णयदोष

तंत्रज्ञान-स्वीकारातील निर्णयदोष : नवी प्रणाली घ्यावी का, वापरावी का आणि फसली तर कधी सोडावी, हे ठरवताना संस्थेला हिशेबापासून ढळवणारे मनाचे ठरावीक कल.

यांतला सर्वांत चिवट कल म्हणजे आहे तेच चालू ठेवण्याचा. विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउझर या अर्थशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये तो प्रयोगांतून दाखवला. त्याच्या मुळाशी बरेचदा नुकसानीची धास्ती असते : ट्वर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांच्या १९९२ च्या अंदाजानुसार नुकसान तेवढ्याच फायद्याच्या सुमारे सव्वादोन पट जड वाटते.

कारखान्यात ईआरपी (खरेदी, साठा आणि हिशेब एकत्र ठेवणारी संगणक प्रणाली) आली की हे आधी स्टोअरमध्ये दिसते. फायदा अकाउंट्सचा, कारण बिले लवकर जुळतात. जातो तो स्टोअरकीपरच्या हातचा वेग आणि कुठला माल कुठे हे फक्त त्यालाच ठाऊक असण्याचा मान. मग आलेला माल आधी जुन्या एक्सेलमध्ये चढतो आणि ईआरपीत संध्याकाळी एकदम. दिवसभर स्क्रीनवर साठा कमी दिसतो, खरेदी विभाग असलेलाच माल पुन्हा मागवतो आणि ‘सिस्टिमवर भरवसा नाही’ हे म्हणणे आपोआप खरे ठरते. म्हणून समांतर नोंदींना शेवटची तारीख आधीच ठरवावी लागते. एक-दोन महिनाअखेरींचा साठा दोन्हीकडे जुळला, की एक्सेल फक्त वाचण्यापुरती ठेवावी.

खरेदीच्या वेळी मात्र अतिआशा नडते. विक्रेत्याचा डेमो धुतल्या तांदळासारख्या डेटावर चालतो. इकडे आयटम मास्टरमध्ये, म्हणजे मालाच्या मूळ यादीत, एकच बोल्ट ‘बोल्ट एम ८’, ‘एम-८ बोल्ट’ आणि ‘हेक्स बोल्ट ८ मिमी’ अशा तीन कोडांवर बसलेला असतो. ही सफाई वेळापत्रकात कुणी धरत नाही. डेमो आपल्याच गेल्या महिन्याच्या कच्च्या नोंदींवर मागावा. मुदत ठरवताना तशाच जुन्या प्रकल्पांना प्रत्यक्षात किती वेळ लागला ते पाहावे, टीमच्या उत्साहावर जाऊ नये.

तिसरा कल बुडीत खर्चाचा : ‘एवढे घातले, आता सोडायचे कसे?’ अमेरिकेच्या एफबीआयने ‘व्हर्च्युअल केस फाइल’ ही तपासाच्या कागदपत्रांची प्रणाली २००५ मध्ये सोडून दिली, तोवर सुमारे १७ कोटी डॉलर खर्ची पडले होते. सतत बदलत्या मागण्या हे तिथले मोठे कारण. सगळा दोष मनाच्या कलांवर ढकलता येत नाही. नंतरची ‘सेंटिनेल’ प्रणाली २०१२ मध्ये पूर्णपणे सुरू झाली. थांबण्याच्या अटी खरेदी-आदेशाआधीच लिहून ठेवाव्यात आणि आढावा मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याकडे देऊ नये. स्वतःचीच सही चुकली असे सहसा कोणी लिहीत नाही.

प्रत्येक विरोध हा कल नसतो. वहीत एका ओळीत होणाऱ्या नोंदीसाठी चार स्क्रीन उघडावे लागत असतील, तर स्टोअरकीपरचा हिशेब बरोबर आहे आणि दुरुस्ती स्क्रीनमध्ये करायला हवी. प्रशिक्षण वाढवण्याआधी गेटवर गाडी उभी असताना एक पावती प्रत्यक्ष भरून वेळ मोजावा.