छिद्रं मोठी, विषाणू लहान, तरीही!

फ्लूच्या बातम्या सुरू झाल्या की आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक जुना फॉरवर्ड नव्यानं उगवतो. ‘विषाणू ०.१ मायक्रॉनचा, मास्कची छिद्रं त्याच्या कितीतरी पट मोठी. म्हणजे डास अडवायला क्रिकेटच्या सरावाची जाळी!’ खाली टाळ्यांची रांग. या वेळी तो आला त्याच आठवड्यात मी एका रुग्णालयात कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण बघायला गेले होते. श्वासावाटे पसरणाऱ्या आजाराची साथ आलीच तर काय करायचं, याची तालीम. चहाच्या वेळी तिथल्या एका ब्रदरनंही नेमकं हेच विचारलं.

फॉरवर्डमधले आकडे खरे आहेत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), उपमा चुकली आहे. एन-९५ मास्क ही चाळणी नाहीच.

मास्कचा मधला थर पॉलिप्रॉपिलीनचा असतो, म्हणजे ज्याच्या दोऱ्या आणि पोती होतात तेच प्लास्टिक. ते वितळवून गरम हवेच्या झोतानं फुंकतात. जत्रेतले म्हातारीचे केस बनतात, जवळपास तसंच. एक ते दहा मायक्रॉन जाडीचे तंतू वेडेवाकडे एकमेकांवर पडत जातात. आत शिरलेल्या हवेला सरळ वाट मिळत नाही. शेकडो तंतूंना वळसे घालत तिला बाहेर पडावं लागतं. आता प्रश्न असा, की हवेबरोबरचे कणही तसेच वळतात का?

मोठे कण वळत नाहीत. घाटात एसटी झटक्यात वळली की टपावरचं सैल गाठोडं सरळ दरीकडे जातं. शाळेत शिकलेलं जडत्व ते हेच. मोठा कण असाच सरळ जाऊन तंतूवर आदळतो. त्याहून लहान कण हवेबरोबर वळतात, पण तंतूच्या अगदी अंगावरून जाताना त्यांची कड घासते. आणि एकदा स्पर्श झाला की संपलंच. एवढ्या लहान मापात वजनाला काही किंमत नसते, रेणूंमधलं ओढीचं बळ त्याच्यावर सहज मात करतं. पाल छतावर उलटी चालते ती याच बळावर.

खरी गंमत सर्वांत लहान कणांची. ०.१ मायक्रॉनपेक्षा लहान कणाला हवेचे रेणू चहूबाजूंनी धक्के देत असतात. तो दिवाळीतल्या भुईचक्रासारखा कुठेही सैरावैरा धावतो. याला ब्राउनियन गती म्हणतात. असा कण शेकडो तंतूंच्या जंगलातून कोणालाही न शिवता पार होणं कठीण. म्हणजे कण जितका लहान, तितका तो पकडला जाण्याची शक्यता जास्त! चाळणीच्या हिशेबाच्या बरोबर उलट.

मग निसटतो कोण? मधला. जडत्वानं आदळावा इतका जड नाही, धक्क्यांनी भरकटावा इतका हलका नाही. साध्या तंतूंच्या गाळणीत हा ‘मधला’ साधारण ०.३ मायक्रॉनचा असतो. म्हणून तर परीक्षा त्याच्याशीच घेतात. मिठाचे अतिसूक्ष्म कण मिनिटाला ८५ लिटर हवेबरोबर मास्कवर सोडायचे आणि किमान ९५ टक्के अडले पाहिजेत. नावातले ९५ ते हे. सर्वांत चिवट विद्यार्थ्याच्या निकालावरून वर्गाचा निकाल लावायचा, असा प्रकार.

यावर आणखी एक करामत आहे. कापडाचा थर नुसताच दाट केला तर श्वास घेता येणार नाही. म्हणून तंतूंवर विद्युतभार चढवतात आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. चुंबकाचं जे लोखंडाशी, तेच या ‘इलेक्ट्रेट’चं धूलिकणांशी. तेलकट नसलेल्या केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो. कपट्यांवर स्वतःचा भार नसतो, तरी ते ओढले जातात. इथेही तेच. मूळचे तैवानचे पीटर त्साय यांनी अमेरिकेत टेनेसी विद्यापीठात हे तंत्र पुढे नेलं. (जाणकार इथे हात वर करतील की भारित गाळणीत तो निसटता ‘मधला’ ०.१ मायक्रॉनच्याही खाली सरकतो. बरोबर आहे. पण विषाणू एकटा उघडाबोडका प्रवास करत नाही. लाळेतले क्षार, प्रथिनं यांच्या सुकलेल्या थेंबात बसून येतो, आणि ते थेंब बहुधा त्याच्याहून बरेच मोठे असतात.) मास्क साबणानं धुवू नका, स्पिरिटनं पुसू नका, असं सांगतात ते या विद्युतभारासाठीच. कापड स्वच्छ होतं आणि भार उतरतो.

ब्रदरला हे पटलं. लगेच पुढचा प्रश्न एका मावशींचा. वॉर्डात फरशी पुसणाऱ्या त्या, हातात बादली घेऊन दारातच उभ्या होत्या. ‘मग मला आतून फिनेलचा वास कसा येतो?’ उत्तम प्रश्न! वास म्हणजे वायूचे सुटे रेणू. ते तंतूंवर आदळतात, पण चिकटत नाहीत, उसळून पुढे जातात. त्यांना अडवायला कोळशाची गाळणी लागते. वास येतो म्हणून मास्क खोटा ठरत नाही. वासाचा आणखी एक फॉरवर्ड फिरतो, की कापूर, लवंग, ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो. पण ‘छाती मोकळी वाटली’ म्हणून ऑक्सिजन वाढलेला नसतो. गार वाटणं हा नाकातल्या मज्जातंतूंचा खेळ आहे. ऑक्सिमीटरला तो कळत नाही.

कापडाचं इतकं कौतुक केलं, पण घात होतो तो कडेला. हवा आळशी असते, सोपी वाट धरते. नाकाच्या बाजूला बारीकशी फट राहिली की गाळणीतून जाण्याचे कष्ट ती कशाला घेईल? म्हणून ‘फिट टेस्ट’. एका सिस्टरना खुर्चीवर बसवून डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचा टोप घातला. आधी मास्कशिवाय आत कडू द्रावणाचा फवारा मारून जिभेला कडूपणा कळतोय ना, ते पाहिलं. मग तोंड धुऊन, मास्क लावून पुन्हा फवारा. आता कडू लागलं तर कुठेतरी फट आहे. साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, वर-खाली. मग मोठ्यानं बोला. सिस्टरनी सातचा पाढा धरला. ‘सात सक बेचाळीस’पर्यंत सुरळीत. ‘सात साते...’ आणि चेहरा कारलं चावल्यासारखा! बोलताना हनुवटी हलली आणि खालची कड उचलली गेली. पाहिलं तर खालचा पट्टा मानेवर नव्हताच, अंबाड्यावर चढला होता. पट्टा नीट करूनही तो मास्क त्यांना बसला नाही. दुसऱ्या बनावटीचा बसला. ‘एकच माप सर्वांना’ हे गणवेशात चालत नाही, चेहऱ्यात कसं चालेल? दाढीवाल्या एका निवासी डॉक्टरांना तर फवाऱ्याआधीच उठवलं, दाढीवर कड नीट टेकतच नाही.

ही तालीम साथीच्या आधीच का, याचं उत्तर २००३च्या सार्समध्ये आहे. जगभरातल्या ८,०९६ रुग्णांपैकी १,७०६ आरोग्यसेवक होते. हाँगकाँगच्या प्रिन्स ऑफ वेल्स रुग्णालयात एका वॉर्डातल्या रुग्णाला नेब्युलायझर, म्हणजे औषधाचा बारीक फवारा श्वासावाटे देणारं यंत्र, लावलं गेलं. त्यामुळे संसर्ग जास्त पसरला असावा, असा संशय होता. त्या उद्रेकातल्या पहिल्या १३८ रुग्णांत ६९ तिथले कर्मचारी निघाले आणि १६ वैद्यकीय विद्यार्थी. कर्मचाऱ्यांत डॉक्टर आणि परिचारिकांखेरीज इतर १५ जण होते. म्हणजे धोका फक्त डॉक्टर आणि परिचारिकांपुरता नसतो.

घालण्यापेक्षा काढणं अवघड, हेही तिथे दिसलं. हातमोज्यांना अतिनील दिव्याखाली चमकणारं लोशन फासलं, झगा-मोजे काढायला सांगितले आणि दिवे घालवले. निळसर उजेडात एकाचं मनगट चमकलं, एकीची मान. अमेरिकेतल्या ओहायो राज्याच्या रुग्णालयांत असेच ४३५ प्रयोग झाले होते. ४६ टक्के वेळा लोशन त्वचेला किंवा कपड्यांना लागलं. म्हणून मास्क सर्वांत शेवटी, पट्ट्याला धरून, आणि प्रत्येक टप्प्याला हात निर्जंतुक.

मावशी अजून दारातच होत्या. त्यांचं नाव यादीत नव्हतं, पण प्रशिक्षकांनी त्यांना बोलावून खुर्चीवर बसवलं. पाढ्याऐवजी त्यांनी बाजारातले भाज्यांचे भाव म्हटले आणि पहिल्याच मास्कला पास झाल्या. उठताना म्हणाल्या, ‘पेशंटला हलवल्यावर खोली लगेच पुसायला घेतात. किती वेळ थांबायचं?’

याचं गणित आहे. हवा एकदा बदलली म्हणजे खोलीच्या आकाराइतकी नवी हवा आत आली. ती जुन्या हवेत पूर्ण मिसळत असेल तर जुने कण शून्य होत नाहीत, साधारण ३७ टक्के उरतात. पुढच्या बदलाला त्याचे ३७ टक्के, असं. ९९ टक्के कण जायला ४.६ वेळा बदल लागतो. तासाला १२ वेळा हवा बदलणाऱ्या विलगीकरण कक्षात २३ मिनिटं, ६ वेळा बदलणाऱ्या खोलीत ४६, आणि २ वेळाच बदलणाऱ्या खोलीत २ तास १८ मिनिटं. प्रशिक्षकांनी फळ्यावर हे लिहिलं. मावशींनी विचारलं, ‘आपली खोली यातली कुठली?’ सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणी मोजलंच नव्हतं.