लॅडर फ्रेम की मोनोकॉक: "मजबूत" या शब्दाने केलेला घोळ

मागच्या काही महिन्यांत नात्यातल्या तिघांनी सात सीटर घ्यायची म्हणून मला फोन केला आणि तिघांचंही वाक्य तेच, "लॅडर फ्रेमच घेतो, घरची माणसं असतात, उद्या काही झालं तर गाडी मजबूत पाहिजे." हे ऐकलं की मला खरंच काळजी वाटते, कारण "मजबूत" या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. खड्ड्यात, ओझ्याखाली, वर्षानुवर्षं टिकते ती गाडी दणकट. धडक बसल्यावर आतली माणसं वाचवते ती गाडी सुरक्षित. एक असली म्हणून दुसरी असेलच असं नाही.

लॅडर फ्रेम बहुतेकांना माहितीये, सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर, क्रिस्टा. खाली शिडीसारखी चासी, तिच्यावर इंजिन आणि अ‍ॅक्सल, आणि वेगळी बनवलेली बॉडी रबरी माउंट घालून वरून बोल्ट केलेली. मोनोकॉकमधे अशी वेगळी चासी नसते, फ्लोअर, खांब, छत सगळं वेल्ड करून एकच कवच. एक्सयूव्ही७०० तशी आहे. नावावर मात्र जाऊ नका, जुनी सफारी लॅडर फ्रेम होती, २०२१ पासूनची मोनोकॉक आहे. क्रिस्टा लॅडर फ्रेम, हायक्रॉस मोनोकॉक, दोघी इनोव्हाच. आणि मोनोकॉक म्हणजे कालपरवाचं नाजूक फॅड असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, जीप चेरोकी १९८४ मधेच वेगळी चासी सोडून आली होती आणि ती चिखला-दगडांत चांगली चालली.

आता जिथे सगळे घसरतात ते. समजा गाडी ताशी ६४ किलोमीटरच्या स्पीडला समोर धडकली, आपल्याकडच्या गाड्यांच्या क्रॅश टेस्टमधली समोरची धडक याच स्पीडला देतात. गाडी थांबते, पण आतल्या माणसाचं शरीर अजून त्याच स्पीडने पुढे चाललेलं असतं आणि ते कशाने तरी थांबणारच असतं. थांबायला जागा जितकी कमी तितका छातीवर आणि मानेवर मार जास्त, जागा निम्मी झाली तर सरासरी जोर दुप्पट, हे शाळेतलंच गणित आहे. ती जागा कुठून येते? गाडीचं नाक चुरगळण्यातून. म्हणून नाक चुरगळायलाच हवं, आधी ठरवलेल्या पद्धतीने, टप्प्याटप्प्याने, आणि माणसं बसतात तो मधला पिंजरा मात्र आत यायला नको, दारं उघडायला हवीत, स्टिअरिंग छातीवर यायला नको. पुढचं मुरणारं आणि मधलं न हलणारं, दोन्ही लागतं. अपघाताच्या फोटोखाली लोक लिहितात "बघा, बॉनेटचा चेंदामेंदा, पत्र्याचा डबा आहे", आणि त्याच फोटोत चारही दारं सरळ उघडलेली असतात, खांब जागेवर असतात. त्या गाडीने काम चोख केलेलं असतं. उलट "आमच्या गाडीला ओरखडाही नाही" हे जे अभिमानाने सांगतात, त्यातला धक्का कुठे गेला हे एकदा आत बसलेल्यांना विचारावं.

मग लॅडर फ्रेम धोकादायक का? तसंही नाही. हल्लीच्या फ्रेममधे पुढची टोकं दबतील अशीच बनवतात. ग्लोबल एनकॅपमधे, म्हणजे गाड्या धडकवून पाचपैकी स्टार देणाऱ्या संस्थेच्या टेस्टमधे, २०१६ ला एअरबॅग नसलेली स्कॉर्पिओ टेस्ट झाली तेव्हा तिला शून्य स्टार मिळाले. डिसेंबर २०२२ मधे स्कॉर्पिओ-एनला मोठ्यांसाठी ५ आणि मुलांसाठी ३ मिळाले. २०२४ मधे बोलेरो निओला १. तिन्ही लॅडर फ्रेम, तिन्ही एकाच कंपनीच्या. फ्रेम बघून सुरक्षितता कळत असती तर हे आकडे असे इकडेतिकडे गेले नसते. मोनोकॉकमधे एक्सयूव्ही७०० ला २०२१ मधे मोठ्यांसाठी ५ आणि मुलांसाठी ४ होते, पण २०२२ च्या मध्यावर नियम कडक झाले, साइड इम्पॅक्ट म्हणजे बाजूची धडक आणि ईएससी म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा त्यात आली, त्यामुळे त्याच्या आधीचे आणि नंतरचे स्टार शेजारी ठेवून भांडू नका. नव्या नियमांनी २०२३ मधे सफारीने दोन्हीकडे ५ काढले. आणि मुलांचे स्टार न बघता "फाइव्ह स्टार आहे" म्हणणाऱ्या सेल्समनचा मला फार राग येतो, फॅमिली गाडी घ्यायला आलेल्या माणसाला तोच आकडा आधी सांगायला हवा.

तसंच ते बॉनेटवर बोटं वाजवून बघणं आणि दार आपटून "आवाज ऐक" म्हणणं, कृपया बंद करा. बाहेरचा पत्रा तुम्हाला वाचवत नाही, आतले खांब आणि बीम वाचवतात. बॉनेट तर दबावं म्हणूनच तसं असतं, समोर पायी चालणारा आला तर त्याचं डोकं तिथे आदळतं.

लॅडर फ्रेमचं खरं मोल वेगळीकडे आहे. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असं रोज होत असेल, शेतावर जायचं असेल, ट्रेलर ओढायचा असेल, तर घ्याच, पिळवटणं फ्रेम सोसते. पण त्याची किंमत घरातली माणसं मोजतात. बॉडी फ्रेमच्या वर बसते म्हणून फ्लोअर उंच. माझ्या आईचे गुडघे दुखतात, तिला अशा गाडीत चढताना प्रत्येक वेळी हात द्यावा लागतो, हे शोरूममधे पाच मिनिटांत लक्षात येत नाही. तिसऱ्या रांगेत फ्लोअर वर आणि सीट खाली, म्हणजे मोठ्या माणसाचे गुडघे छातीशी. गाडी उंच म्हणून वळणावर कलते, आणि त्यात मागे सलग अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकं एकाच दांड्याला जोडलेली, असला तर आंबा घाटात सगळ्यात मागे बसलेल्या पोरांना उलटी होणार हे जवळजवळ ठरलेलं. शहर, हायवे आणि वर्षातून दोनदा गणपती-शिमग्याला कोकण एवढंच असेल तर मी मोनोकॉकच घ्या म्हणेन, आणि यावर मी हटणार नाही.

चारही चाकांना ताकद देणाऱ्या फोर बाय फोर आणि एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह) यांचा गोंधळ त्यामानाने किरकोळ. स्कॉर्पिओ-एनसारखी पार्ट-टाइम, म्हणजे लागेल तेव्हा आपण लावायची फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावायची नसते, एडब्ल्यूडी आपली आपण काम करते, आणि वर सांगितलेल्या शहर-हायवे-कोकणच्या वापराला दोन्ही लागत नाहीत.

टेस्ट ड्राइव्हला एकटे जाऊ नका. घरातली सगळी घेऊन जा, सगळ्यात उंच माणूस तिसऱ्या रांगेत बसवा आणि खराब रस्त्यावरून वीस मिनिटं फिरवा. तिसरी रांग उभी ठेवूनच डिकीत बॅगा लावून बघा. मग मागे बसून तीन गोष्टी तपासा: प्रत्येक सीटला तीन ठिकाणी अडकणारा बेल्ट आहे का, हेडरेस्ट डोक्यापर्यंत येतंय का आणि तुमच्या व्हेरिएंटमधे पडद्यासारखी एअरबॅग तिसऱ्या रांगेपर्यंत पोचते का. कारण समोरच्या धडकेच्या टेस्टमधे मोठ्यांचे पुतळे पुढच्या दोन सीटवर असतात आणि मुलांचे दुसऱ्या रांगेत, तिसऱ्या रांगेत कोणीच नसतं.