एपीटी अपग्रेड आणि रिलीज अपग्रेड: कशाला भ्यायचं, कशाला नाही

उबंटू सर्व्हर सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांची भीती उलट्या जागी असते. ‘एपीटी अपग्रेड’ (बसवलेली पॅकेजेस, म्हणजे सॉफ्टवेअरचे संच, अद्ययावत करणारी आज्ञा) चालवायला हात धजावत नाही, सुरक्षेचे पॅच महिनोन्‌महिने पडून राहतात. आणि लॉगिन करताना नवी आवृत्ती आल्याची ओळ दिसली, की तोच माणूस शुक्रवारी संध्याकाळी ‘डू-रिलीज-अपग्रेड’ (अख्खी उबंटूच नव्या आवृत्तीवर नेणारी आज्ञा) टाकून मोकळा!

एपीटी अपग्रेड तुम्हाला आहे त्याच रिलीजमध्ये, म्हणजे उबंटूच्या त्याच आवृत्तीत, ठेवतो. उबंटू २२.०४ वरचं पीएचपी (वेबसाइट चालवणारी भाषा) ८.१ हे ८.१ च राहतं. मूळ प्रकल्पाने नव्या आवृत्तीत केलेली सुरक्षा-दुरुस्ती सहसा जुन्या आवृत्तीत आणून बसवलेली असते, बदलतं ते आकड्याचं शेपूट. (ऑडिटचा स्कॅनर म्हणूनच ‘जुनी आवृत्ती’ म्हणून बोंबलतो. ऑडिट करणाऱ्याला चेंजलॉग, म्हणजे पॅकेजमधल्या बदलांची नोंद, दाखवा, घाबरून बाहेरची रेपो, म्हणजे पॅकेजचा परका साठा, जोडू नका.) बसवलेलं पॅकेज हा अपग्रेड कधीच काढून टाकत नाही. ती मुभा ‘फुल-अपग्रेड’ला असते, तेव्हा तिथे यादी वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नये. कर्नल बदलला असेल तर रीबूट होईपर्यंत जुनाच चालत राहतो, हे मात्र विसरलं जातं.

रिलीज अपग्रेडचं प्रकरण वेगळं. २०.०४ वरून २२.०४ वर गेलात की पीएचपी ७.४ चं ८.१ होतं, पायथन ३.८ चं ३.१०, ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) १.१.१ चं ३.०. पायथनची जुनी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (ॲपसाठी वेगळी ठेवलेली लायब्रऱ्यांची जागा) पुन्हा बांधावी लागतात. बाहेरच्या रेपो बंद केल्या जातात, त्या तपासून स्वतःच चालू करायच्या. पोस्टग्रेस या डेटाबेसचं तर आणखीच: १२ च्या शेजारी १४ येऊन बसतं, पण डेटा १२ मध्येच राहतो. तो हलवायला ‘पीजी-अपग्रेडक्लस्टर’ आपणच चालवायचं. शिवाय एलटीएसची (दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या रिलीजची) पायरी गाळता येत नाही. २०.०४ वरून २४.०४ ला जायचं तर वाटेत २२.०४ लागतंच. २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आलं, तरी आधीच्या एलटीएसवाल्यांना त्याचं आमंत्रण पहिल्या पॉइंट रिलीजनंतरच (त्याच रिलीजच्या दुरुस्त आवृत्तीनंतरच) मिळालं. ती वाट पाहणं शहाणपणाचं आहे.

रिलीज अपग्रेड एसएसएचवरून (दुरून लॉगिन करून) करत असाल तर ‘डू-रिलीज-अपग्रेड’ १०२२ पोर्टवर आणखी एक एसएसएच सेवा उघडतो, मूळ जोडणी तुटली तर आत शिरायला. फायरवॉलमध्ये तो पोर्ट बंद असेल तर त्याचा उपयोग शून्य. आणि परतीचा रस्ता नाही: उबंटूत रिलीज खाली उतरवायची सोय नाही. स्नॅपशॉट (अख्ख्या सर्व्हरची त्या क्षणाची प्रत) हवाच, डेटाबेसचा वेगळा डंपही (त्यातल्या डेटाची प्रत) हवा, आणि तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून पाहिलेला हवा.

माझं मत विचाराल तर एपीटी अपग्रेड दर आठवड्याला करावा, सुरक्षेपुरता ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’वर (आपोआप अपग्रेड करणाऱ्या प्रोग्रामवर) सोडला तरी चालेल. रिलीज अपग्रेड शक्यतो चालत्या सर्व्हरवर करूच नये. नवं मशीन उभं करा, ॲप तिथे चालवून पाहा, डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता इतरांकडे किती वेळ साठून राहील ती मुदत) आदल्या दिवशीच कमी करून ठेवा, आणि जुनं मशीन आठवडाभर बंद न करता तसंच राहू द्या.